इटलीच्या मठाची ड्रेपरी

नाटकाची ड्रेपरी, म्हणजे पात्रांचे कपडे, भाड्याने देणाऱ्या माणसाचा लोकांना उगीचच हेवा वाटतो. काय मजा आहे, दिवसभर राजे-महाराजे, जर आणि मखमल! मखमल असते, नाही असं नाही. पण ती दुसऱ्याच्या घामाने भिजून परत आलेली असते. लग्न होऊन मी नौपाड्यातल्या आमच्या दुकानात पाऊल टाकलं, तेव्हा सासूबाईंनी मला पहिला धडा दिला तो परत आलेला अंगरखा काखेत हुंगून बघण्याचा. "हुंगल्याशिवाय घडी घालायची नाही, सूनबाई," त्या म्हणाल्या. माझ्या मैत्रिणींना त्यांच्या सासवा पुरणपोळी शिकवत होत्या.

आता दुकान मुलाने दुसऱ्याला चालवायला दिलंय आणि मी घरी बसून नातवाच्या शाळेचे युनिफॉर्म उसवते नि शिवते. दिवाळी अंकासाठी आठवणी लिहा म्हटल्यावर आधी हसूच आलं. आमच्या धंद्यात आठवणी राहतात कुठे? कपडे धुतले की गेल्या. पण एक नाटक राहिलंय, ते सांगते. त्याआधी धंदा थोडा समजावून घ्या, नाहीतर गंमत कळायची नाही.

आमच्याकडचा प्रत्येक कपडा पाठीमागून उघडतो. समोरून तो बादशहाचा असो नाहीतर सावकाराचा, पाठीला सगळ्यांची एकच तऱ्हा. कारण तोच अंगरखा आज कॉलेजातल्या काटकुळ्या पोराला आणि उद्या बँकेतल्या ढेरपोट्या साहेबाला बसवायचा असतो. पूर्वी नाड्या होत्या, मग हुक आले, मग चेन आली. चेनचा भरवसा नाही, ती नेमकी एंट्रीच्या वेळी अडकते. शेवटी वेल्क्रो आला. आमच्या ह्यांनी त्याची पूजा घालायचीच तेवढी बाकी ठेवली होती. दुसरा नियम तिसऱ्या रांगेचा. तिसऱ्या रांगेतून जे दिसत नाही ते नसतंच. म्हणून जवळून बघाल तर आमचा मुकुट मिठाईच्या डब्यातल्या सोनेरी कागदाचा असतो. आणि तिसरा नियम माझा स्वतःचा: अंगावर घालून बघितल्याशिवाय कपडा दुकानाबाहेर जाणार नाही. त्या फिटिंगच्या पडद्यामागे माणसं जे बोलतात, ते डॉक्टरकडेही बोलत नसतील.

गिऱ्हाइकं तर काय एकेक! डिसेंबरात शाळांची गॅदरिंग सुरू झाली की ठाण्यातल्या प्रत्येक आईला आपल्याच मुलासाठी नवा कोरा जिरेटोप हवा असायचा. एका गृहस्थांनी हेल्मेटच्या प्रचारासाठी यमाचा पोशाख नेला. घोडबंदर रोडला सिग्नलवर उभं राहायचं ठरलं होतं, पण तिथे पोचायच्या आधीच रिक्षा ट्रॅफिकमध्ये अडकली. शेजारच्या बसमधल्या एका आजींनी खिडकीतून त्यांना दटावलं, "अहो, आम्ही इथेच आहोत, तुम्ही सावकाश या." परत आले तेव्हा गदा चेपलेली होती आणि गृहस्थ खूश होते.

तर अशा दुकानात एके दिवशी डोंबिवलीच्या सुमेधाताई आल्या. इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका, खांद्याला कापडी पिशवी, बोलण्यात वर्गावरचा आवाज. त्यांचा बायकांचा नाट्यग्रुप होता आणि स्पर्धेसाठी त्यांनी स्वतः नाटक लिहिलं होतं. म्हणाल्या, "मला इटली हवीय. पाचशे वर्षांपूर्वीची."

मी म्हटलं, "बाई, माझ्याकडे पेशवाई आहे, मोगलाई आहे, फार झालं तर संतमंडळी आहेत. इटली नाही."

"नाही कशी? आणा," त्या म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या. मग त्यांनी मला गोष्ट सांगितली. त्या काळी तिकडच्या श्रीमंत शहरांत हुंडे इतके वाढले होते की घरात तीन मुली असल्या तर बाप एकीचं लग्न करायचा आणि उरलेल्या दोघींना मठात धाडायचा. मठालाही हुंडा द्यावा लागे, पण तो परवडायचा. कोवळ्या वयात पोरी आत जायच्या आणि मग त्या दारातून त्यांची मयतसुद्धा बाहेर यायची नाही. आता इतक्या बायका एका जागी कोंडल्यावर त्या गप्प बसतील होय? त्यांनी मठातच नाटकं बसवली. पुरुषांच्या भूमिकांसाठी भावांचे कपडे मागवले, तलवारी लावल्या. मग बिशपचं फर्मान आलं, की साध्वींनी पुरुषवेश करायचा नाही.

"म्हणजे त्यांनाही ड्रेपरी लागायची," मी म्हटलं. मला एकदम त्या बायका ओळखीच्या वाटायला लागल्या.

बिशपसाठी मी अफजलखानाचा लाल झगा काढला, त्याची मागची भरजरी पट्टी उसवली आणि पुढे क्रूस लावला. खानाला धर्मांतर करायला एक दुपार लागली. बायकांच्या पुरुषवेशाला पेशवाईतल्या तुमानी चालून गेल्या. अडलं ते साध्वींच्या कपड्यांपाशी. गॅदरिंगसाठी मी पूर्वी नन केल्या होत्या, हिंदी सिनेमातल्या बघून: काळा झगा, पांढरी कॉलर, डोक्याला काळं कापड. सुमेधाताईंनी नाक मुरडलं. त्यांच्या नाटकाचा शेवटचा प्रवेश असा होता, की नायिका नवरीच्या वेशात मठात येते, सगळ्यांसमोर तिचे दागिने उतरवतात, केस कापतात आणि डोक्याला ते कापड बांधतात: आधी कपाळपट्टी, मग हनुवटीखालचं, मग वरचं. मग ती प्रेक्षकांकडे वळून म्हणते, "मला कुणी विचारलं नाही." आणि पडदा.

ते बांधतात कसं, हे ना सुमेधाताईंना माहीत होतं ना मला. पण ज्या बाईला माहीत होतं, तिला मी ओळखत होते. फिलू.

फिलोमिना माझ्या वर्गात होती, आमच्या मागच्या ख्रिस्ती आळीत राहायची. बाळकुमच्या बाजूला तिच्या वडिलांची थोडी शेती होती. मराठी शाळेत आम्ही शेजारी बसायचो आणि मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातलं थालीपीठ तिच्या पोटात जायचं. मॅट्रिक झाल्यावर दोघींनी टायपिंगच्या क्लासला जायचं ठरवलं होतं. क्लासची फी भरायच्या आदल्या दिवशी ती आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "नंदा, मी सिस्टर व्हायला चाललेय." बस, एवढंच. तिच्या दोन मोठ्या बहिणींची लग्नं नुकतीच थाटात झाली होती. ती गेल्यावर माझी आई भाकरी थापता थापता म्हणाली, "दोघींच्या लग्नात बाप वाकला, तिसरीला देवाला दिली." आई काही वाईट बाई नव्हती. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही. पुढे माझं लग्न झालं, मी मखमलीत बुडाले. फिलूची गाठ पडली ती सुरुवातीला एकदोनदा, कुणाच्या मयतीला, नाहीतर स्टेशनवर घाईघाईत; मग तीही नाही. खरंच तिला दिली, की ती गेली? विचारायची हिंमत झाली नाही. अशा गोष्टी मयतीला विचारतात का?

आणि आता माझ्या टेबलावर नेमकी तीच गोष्ट, पाचशे वर्षांची होऊन, येऊन बसली होती.

कल्याणच्या पलीकडे त्यांचं कॉन्व्हेंट होतं, आणि शेजारीच म्हाताऱ्या बायकांसाठी एक घर. मी फोन करून गेले. दार उघडलं ते फिक्या रंगाची सुती साडी नेसलेल्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेल्या एका बाईने. गळ्यातला छोटा क्रूस दिसला नसता तर मी त्यांनाच विचारलं असतं, सिस्टर कुठे भेटतील. फिलूच होती ती.

"अगं, तुझा तो झगा कुठाय?" माझ्या तोंडून गेलं.

"झगा कवाच गेला, गो!" फिलू हसत सुटली. "सुरुवातीची थोडी वर्षं घातला. उन्हाळ्यात नुसती शिजायचो आम्ही. मग वरून सांगितलं, साडी नेसा. मी तर नाचलेच. तू बस, चहा टाकते."

मी नमुना बघायला आले होते आणि नमुनाच नाही! पण कापड कसं बांधायचं ते तिच्या बोटांना आठवत होतं. तिने कपाटातून एक उशीचा अभ्रा आणि एक चादर काढली, मला खुर्चीत बसवलं आणि टाचण्या दातात धरल्या. अभ्र्याची घडी माझ्या कपाळावर बसली, दुसरी हनुवटीखालून गेली. कानाला काही ऐकू येईना, तिचा आवाज लांबून आल्यासारखा यायला लागला. समोरच्या कपाटाच्या काचेत एक अनोळखी बाई माझ्याकडे बघत होती. मी आयुष्यभर दुसऱ्यांना कपडे चढवले, मला कुणी असं बसवून चढवलं नव्हतं. थोडी घाबरलेच मी.

"नाटक काय आहे?" तिने दातातल्या टाचण्या न काढता विचारलं.

मी तिच्याशी खोटं बोलू शकले नसते. म्हटलं, "जुन्या काळातलं आहे. मुलीला मठात पाठवतात."

तिने टाचण्या हातात घेतल्या. "पाठवतात?"

"नाटकात गं."

"बरं," ती म्हणाली आणि उरलेल्या टाचण्या लावून टाकल्या. "मग मी बघायला येणार. मला रंगीत तालमीलाच बोलव, स्पर्धेला गर्दीत नको."

परतीच्या वाटेवर डोक्यात तेच घोळत होतं. इतक्या वर्षांनी मैत्रीण सापडली होती. आता ती येऊन ऐकणार, की मठात येणाऱ्या मुली स्वतः येत नाहीत, त्यांना कुणी विचारतच नाही. तिने आयुष्य घातलेल्या गोष्टीला आपण मुखवटा लावून नाचवतोय, असं तिला वाटलं तर? ती उठून गेली तर मी तिला पुन्हा कुठल्या तोंडाने फोन करणार होते? सुमेधाताईंना म्हटलं, शेवटचं वाक्य थोडं सौम्य करता येईल का. त्या म्हणाल्या, "ते वाक्यच नाटक आहे." त्यांचंही बरोबरच होतं.

नायिकेचं काम करणारी हर्षाली बाळकुमची. तिच्या आजोबांची भातशेती होती तिथे आता मोठे टॉवर आहेत, आणि ती घोडबंदर रोडला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते. फिटिंगला आली तेव्हा मी तिला त्या मठातल्या मुलींची हकीकत सांगितली. आत जाताना त्यांना बापाच्या इस्टेटीवरचा हक्क सोडावा लागायचा, हेही सांगितलं. ती पडद्यामागून म्हणाली, "काकू, मग आपल्याकडे वेगळं काये? आत्याची सही घेतली तेव्हा साडी दिली तिला, बस. डोक्याला फडकं नाय बांधलं एवढंच." आणि मग म्हणाली, "हे कंबरेला लूज होतंय, जरा टाइट करा ना."

कापडं शिवून झाली. फिलूने शिकवल्याप्रमाणे टाचण्यांनी बांधून बघितलं, पण बाकीच्या बायकांच्या हातून टाचण्या निसटायच्या, कपाळपट्टी भुवयांवर यायची, प्रवेश रेंगाळायचा. तेव्हा मी जे करत आले तेच केलं. सगळ्याला वेल्क्रो लावला. कपाळपट्टीला वेल्क्रो, हनुवटीला वेल्क्रो, नवरीच्या झग्याची अख्खी पाठ वेल्क्रोची. ओढा की निघालं, दाबा की बसलं. तिसऱ्या रांगेतून काय दिसतंय?

रंगीत तालमीला फिलू आली. तिसऱ्या रांगेत, साडीचा पदर नीट घेऊन, मांडीवर हात ठेवून बसली. मी तिच्या शेजारी. नाटक रंगलं. बायकांनी तुमानी घालून तलवारी चालवल्या तेव्हा ती खो खो हसली. लाल झग्यातल्या बिशपचं फर्मान आलं तेव्हा पुटपुटली, "असले बिशप अजून आहेत." मग शेवटचा प्रवेश. दिवे मंद. हर्षाली मधोमध उभी, डोळ्यांत पाणी. दोघी साध्वी पुढे झाल्या, त्यांनी नवरीच्या झग्याला मागून हात घातला आणि त्या गंभीर शांततेत आवाज आला: खर्रर्रर्र!

मला वाटलं धरणी दुभंगावी. चप्पल, दप्तर, रक्तदाब मोजायचा पट्टा, सगळ्यांना माहीत असलेला तो आवाज. कुणीतरी फिस्सकन हसलं. मग कपाळपट्टी वाकडी बसली म्हणून ती काढली, पुन्हा खर्र. हर्षालीलाच हसू फुटलं. सुमेधाताई किंचाळल्या, "थांबवा!" इतकी वर्षं धंदा केला, कपडा दिसतो कसा ते बघितलं, ऐकू कसा येतो हे कधी मनातही आलं नव्हतं. आमच्या नाटकांत त्या वेळी ढोल-ताशे वाजत असतात ना!

शेजारी बघते तर फिलूची खुर्ची रिकामी. पण ती दाराकडे गेली नव्हती. पायऱ्या चढून स्टेजवर गेली होती.

"टाचण्या आहेत ना?" तिने मला वरूनच विचारलं. मी माझ्या ब्लाउजला टोचलेल्या सगळ्या काढून दिल्या. तिने हर्षालीला समोर उभं केलं आणि पट्टी तिच्या कपाळाला लावली, अगदी सावकाश. साध्वी झालेल्या दोघी बघत राहिल्या. "घाई नाय करायची," फिलू त्यांना म्हणाली. "तिला कसली घाई आहे? एकेक टाचणी लावायची. तेवढाच वेळ असतो तिच्याकडे."

"वेळ कशाला?" सुमेधाताईंनी विचारलं.

फिलूने पुढची टाचणी लावली. "आमच्या वेळी समारंभ व्हायचा. सगळ्यांसमोर विचारायचे, तुला काय हवंय. उत्तर पाठ करून घेतलेलं असायचं. ते धडाधड म्हणायचं. पण मला बांधायला एक म्हातारी सिस्टर होती, कोकणातली. शेवटची टाचणी लावताना कानाशी आली आणि हळूच म्हणाली, 'टोचतंय का गं? नको असेल तर सांग. काढायला वेळ नाही लागत.'"

सुमेधाताईंनी वही आपटल्यासारखी बंद केली आणि विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"ते माझं मला," फिलू हसून म्हणाली आणि हर्षालीच्या हनुवटीखालची घडी नीट केली.

सुमेधाताईंनी शेवट बदलला. "मला कुणी विचारलं नाही" गेलं. आता म्हातारी साध्वी विचारणार होती, "टोचतंय का? नको असेल तर सांग," आणि हर्षाली म्हणणार होती, "नाही." सुमेधाताईंना स्वतःचं वाक्य कापताना मी पहिल्यांदाच बघितलं.

मी सगळा वेल्क्रो उसवला आणि झग्याच्या पाठीला बारीक बंद लावले. स्पर्धेच्या दिवशी फिलू पुन्हा आली, मी बोलावलं नव्हतं तरी. गर्दी नको म्हणाली होती, म्हणून तिला विंगेत माझ्याजवळच उभं केलं. वेशांच्या पेट्यांच्या मधे, घामाच्या आणि डांबरगोळ्यांच्या वासात, दोघी म्हाताऱ्या. शेवटचा प्रवेश आला. बंद सुटले, झगा आवाज न करता खाली गेला. पांढरी पट्टी, मग दुसरी, मग डोक्यावरचं कापड. एकेक टाचणी. नाट्यगृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. म्हाताऱ्या साध्वीने वाकून विचारलं. हर्षाली किती वेळ गप्प राहिली! मला वाटलं ही वाक्य विसरली.

"नाही," ती म्हणाली. पडदा पडायला लागला.

"मी पण असंच म्हटलं होतं," फिलू माझ्या शेजारी म्हणाली. "आणि टोचत होतं गो, नंदा."

पलीकडे टाळ्या सुरू झाल्या होत्या. मी तिचा हात धरला. इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं ते तिने आपणहून सांगितलं होतं. मी म्हटलं, "मग? सगळं आयुष्य तसंच..."

"खुळी का तू?" तिने माझा हात झटकला नाही, उलट दाबला. "नंतर आवडलं मला. त्या म्हाताऱ्या बायका, ते घर, सगळं माझं आहे. आता कुणी जा म्हटलं तर भांडेन." मग स्टेजवरच्या अंधाराकडे बघत म्हणाली, "पण पहिल्या वर्षी मी दर रविवारी खिडकीत बसायची. वाटायचं, नंदा येईल. तू आली असतीस ना, तर तुझ्याबरोबर निघून आले असते. दहा वर्षांनी आली असतीस, तर चहा पाजून परत पाठवलं असतं."

तेवढ्यात हर्षाली धावत विंगेत आली, डोळे पुसत, हसत, आमच्या दोघींच्या पुढ्यात डोकं वाकवून उभी राहिली. "काकू, सिस्टर, काढा ना हे पटकन, लय टोचतंय!"

आणि आम्ही दोघी, एक या बाजूने, एक त्या बाजूने, तिच्या डोक्यातल्या टाचण्या काढायला लागलो.